सांदवाडीतला पाला यंदा जाळू नका : फाल्गुन-चैत्रातली कामं आणि नवं काय दिसलं

वर्धाकाठची

होळी आठवड्यावर आली की गावोगावी खराटे निघतात. अंगण, गोठ्यापुढची जागा, सांदवाडी (घरामागची परसबाग), सगळं झाडून लख्ख करायचं, निंबाचा, जांभळीचा, सागाचा पाला कोपऱ्यात लोटायचा आणि संध्याकाळी त्याला काडी लावायची. घर स्वच्छ दिसतं, धुराने डास पळतात, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला मात्र दरवर्षी ते पाहून जीव तुटतो, म्हणून हा धागा.

आपल्या विदर्भात पानगळ आणि पालवी एकाच वेळी चालू असते. पळस बिनपानाचा फुललेला असतो आणि त्याच्या शेजारी निंब जुनी पानं टाकून तांबूस कोवळी पालवी काढत असतो. म्हणजे जमिनीला पुढचे तीन महिने ऊन सोसायचं असतं, नेमक्या त्याच वेळी झाडं तिच्यावर पाला टाकतात. मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो, मे महिन्यात ४५ च्या वर जातो. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, मग भेगा पडतात. या भेगेत तुरीची काडी घालून पाहा, हातभर सहज आत जाते. खालच्या थरातली ओल या वाटेने उडून जाते आणि झाडाची बारीक मुळं ताणून तुटतात. वरून घातलेलं पाणीही मुळांशी थांबत नाही, आधी भेगेतून खोल निघून जातं. वाफा झाकलेला असेल तर ही भेग मुळात पडतच नाही, किंवा पडली तरी बारीक राहते.

पाला जाळला की त्यातलं नत्र धुरात जातं आणि हाती राख उरते. राख लाल मातीत, कोकणात वगैरे कामाची असेल. आपल्या काळ्या मातीचा सामू (pH) आधीच ८ च्या आसपास असतो, खाली चुनखडी असते. तिथे घमेल्याने राख ओतली तर झाडाला लोह मिळणं आणखी अवघड होतं. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं झाड दिसलं तर त्याला राख घालू नका. वेलाच्या रोपट्यांवर लाल भुंगेरे आल्यावर सकाळच्या दवात चिमूटभर भुरभुरायची तेवढी राख पुरे.

झाकायचं कसं ते सांगते. वाफ्याला आधी भरपूर पाणी द्यायचं. दुसऱ्या दिवशी तुरीचं नाहीतर हरभऱ्याचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) दोन बोटं जाड पसरायचं आणि त्यावर पाला टाकायचा. निंबाचा पाला लवकर कुजतो, जांभळीचा टिकतो. सागाची पानं मात्र हाताने नाहीतर पायाने चुरून घ्या. अख्खी टाकली तर पत्रावळीसारखी एकावर एक बसतात आणि पाणी वरच्या वर वाहून जातं. झाडाच्या खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवायची. हाताने पाला उचलायच्या आधी काठीने हलवून घ्या, इंचू (विंचू) असतो.

आता बाकीची कामं. मोबाईलवर 'वसंतात काय पेराल' असे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक थंड हवेच्या ठिकाणचे असतात. आपल्याकडे उन्हाळी भाजीचं बी महाशिवरात्रीपर्यंत मातीत गेलेलं बरं. ढेमसे, काकडी, दोडके, कारले, बरबटी, गवार, भेंडी, सगळ्यांना ऊन चालतं, पण ते लागायच्या आधी मूळ खोल गेलेलं हवं. होळीनंतर पेरलं तर उगवतं, पण दोन पानांवर असतानाच पोळतं. म्हणून होळीनंतर मी नवीन पेरत नाही, असलेलं जगवते. लसूण काढून जुड्या बांधायच्या, हळद खणायची, कांद्याचं पाणी तोडायचं, वालाच्या वाळक्या शेंगा तोडून बी वेगळं करायचं. सांभार (कोथिंबीर) आणि पालक फुलावर गेले की उपटायची घाई करू नका. चांगली दोन-चार झाडं बियाला सोडा. सांभाराच्या बारीक पांढऱ्या फुलांवर मधमाश्या आणि मावा खाणाऱ्या माश्या इतक्या येतात की शेजारच्या वांग्याला फवाऱ्याची गरज कमी होते.

वांग्याचं बी धरायचं तर वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. मग बी काढून धुवायचं, सावलीत वाळवायचं, राखेत घोळून डब्यात ठेवायचं. राखेचा हा उपयोग मात्र अगदी खरा.

आता नवं काय दिसलं ते. आमच्या दोडक्याला फुलं भरपूर यायची, मागे बोटाएवढी फळंही दिसायची, आणि दोन दिवसांत ती पिवळी पडून गळायची. कुणी म्हणे खत कमी, कुणी म्हणे नजर लागली. एकदा दिवेलागणीला पाणी घालत होते तर समोर फुलं उमलायला लागलेली! दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मधमाश्या कामाला लागेपर्यंत मिटायला आलेलं असतं. त्याचं काम रात्रीचे पतंग करतात, आणि ज्या सांदवाडीत रात्रभर दिवा जळतो तिथे पतंग वेलाकडे जायचे सोडून दिव्याकडे जातात. आता मी दिवेलागणीला नर फूल तोडते, पाकळ्या काढते आणि आतले केसर मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवते. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे बारीक दोडका असतो. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. हात लावलेली फळं टिकली. दुधी भोपळ्याचंही असंच, पांढरं फूल संध्याकाळचं. गिलक्याचं पिवळं फूल मात्र पहाटे उमलतं, कोहळ्याचंही पहाटेचं. त्यांना मधमाश्या पुरतात, आपण मध्ये पडायची गरज नाही.

दुसरं, उकिरड्यातलं खत उपसताना पांढऱ्या जाड अळ्या निघतात. आमच्याकडे सगळे म्हणतात हुमणी (पिकांची मुळं खाणारी अळी) आहे, कोंबड्यांना टाका. पण त्यातल्या सगळ्या हुमणी नसतात. एक अळी ओट्यावर नाहीतर फळीवर ठेवा आणि हात न लावता बघा. ती उलटी होऊन पाय वर करून पाठीवर सरपटायला लागली, तर ती हुमणी नाही. एका जातीच्या भुंगेऱ्याची ती अळी कुजलेलं खाते आणि खत बारीक करते. हुमणी पाठीवर चालत नाही, वाकडी होऊन कुशीवर पडते, नाहीतर पायांनी रेटत जाते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अळी आपली पाय आभाळाकडे करून नीट एका रेषेत फळीच्या टोकापर्यंत गेली. पाठीवरच्या वळ्या एकामागून एक आकसत होत्या आणि ती पुढे सरकत होती. आता तशा अळ्या मी परत खतात सोडते.

तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. माती, पाणी कुठलं आहे तेही सांगा, म्हणजे एकमेकांच्या उपयोगी पडेल.

पूर्णाथडी

ताई, फार कामाचं लिहिलंत. आमचं गाव खारपाणपट्ट्यात, दर्यापूरच्या बाजूला. आमच्या बोरचं पाणी तोंडात धरवत नाही. वाफ्याला दिलं की चार दिवसांत मातीवर पांढरी पापडी येते. नळाचं पाणी प्यायला येतं, तेही रोज नाही. अशा जागी सांदवाडी करायची तरी कशी? आई म्हणते आपल्या नशिबात भाजी विकतचीच.

वर्धाकाठची

दादा, आईंना सांगा अजून हात टेकू नका. तुमच्याकडे तर झाकणं आमच्यापेक्षा जास्त गरजेचं आहे. ऊन मातीतलं पाणी वर ओढतं, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं, तीच ती पापडी. वाफा झाकला की पाणी कमी उडतं आणि मीठही कमी वर येतं.

दुसरं असं, की सरी-वरंबा केलात तर बी वरंब्याच्या डोक्यावर लावू नका. पाणी दोन्हीकडून वर चढतं आणि सगळं मीठ डोक्यावर गोळा होतं. बी वरंब्याच्या बगलेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर लावा. पालक आणि बीट बऱ्यापैकी खारं सोसतात. घेवडा-वालाच्या मागे लागू नका, त्यांना अजिबात सोसत नाही. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून तेवढ्यावर एक वाफा मिरची-सांभाराचा जगतो. बोरचं पाणी द्यायचंच तर पानांवर उडवू नका, बुडाशी द्या.

निवृत्त_मास्तर

पूर्णाथडी यांनी विचारलेल्या प्रश्नाला जोड देतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. तिथली माती फार चिकण, निचरा नाही, त्यामुळे पाणी देऊन मीठ खाली धुऊन काढणं उन्हाळ्यात जमत नाही. ते काम पावसाळ्याचं. मृग लागायच्या आधी वाफ्यांभोवती छोटे बांध घालून ठेवा, म्हणजे पहिले चांगले पाऊस वाफ्यातच मुरतील आणि मीठ खाली जाईल. छताचं पाणी टाकीत धरता आलं तर दिवाळीपर्यंतची भाजी त्यावर निघते.

माती तपासून घ्यावी असंही सुचवतो. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून याच भागासाठी काम करत आहे. तिथे किंवा तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना देता येतो. नमुना घेताना वरची पापडी खरवडून बाजूला करा आणि वीतभर खोलीची माती घ्या, नुसती वरची नको.

सातपुडा_पायथा

मला एक शंका आहे. पाला-कुटार टाकलं की वाळवी लागते. आमच्या वडिलांनी लिंबाला काडीकचरा घातला होता, वाळवीने साल खाल्ली. तेव्हापासून आमच्याकडे झाडाचा बुंधा झाडून साफ ठेवतात. मग ताईंचं बरोबर की वडिलांचं?

बागवान_वरुड

दोघांचंही बरोबर. वडील म्हणतात तो बुंधा, ताई म्हणतात ती वाफ्याची जमीन.

संत्र्यात आम्ही हे रोज पाहतो. बुंध्याला ओल लागली की डिंक्या रोग येतो, साल फुटून डिंक वाहतो आणि चांगलं लागतं झाड दोन-तीन वर्षांत जातं. म्हणून आमच्याकडे दुहेरी आळं करतात. बुंध्याजवळ एक लहान कडं मातीचं, त्याच्या बाहेर मोठं आळं, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. आच्छादनही बाहेरच्याच आळ्यात. मधलं कडं कोरडं. सांदवाडीतल्या लिंबालाही हेच करा. झाडाची पाणी पिणारी मुळं तशीही बुंध्याजवळ नसतात, फांद्यांच्या घेराखाली असतात.

शिवाय पावसाळ्याच्या आधी खोडाला हात-दीड हात उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. घरी दोन झाडं असतील तर १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं वापरू नका.

वाळवीचं म्हणाल तर ती मेलेलं, वाळलेलं खायला येते. आच्छादन ओलसर राहिलं, कुजत राहिलं तर ती फारशी थांबत नाही. कोरडं ठणठणीत कुटार महिनाभर बुंध्याला चिकटून राहिलं की मग सालीवर चढते.

आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरणाऱ्यांनी मार्चमध्ये पाण्याचा ताण पडू देऊ नये, गुंडी म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं गळतात. हे सांदवाडीतल्या एकट्या झाडालाही लागू आहे.

वैनगंगेकाठी

नमस्कार जी. आमच्या भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे ही आग सांदवाडीत थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, पहाटे. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि वारा आला की आग जंगलात शिरते. त्यात लहान रोपं, तेंदूची कोवळी पानं, पाखरांची अंडी, सगळं जातं. मोहाचीही रोपं त्यात टिकत नाहीत, मग नवीन मोह येणार कुठून?

आमच्या घरी आता मोहाखाली जुनी लुगडी जोडून अंथरतात. शेडनेट असेल तर उत्तम. फुलं मातीत लोळत नाहीत, स्वच्छ मिळतात आणि वाळवायला सोपी जातात. वेचायचा वेळही वाचतो. झाडाखालचा पाला झाडून आम्ही घरी आणतो आणि वाफ्यावर टाकतो.

तुमच्याकडे कुटार तसं आमच्याकडे तणस. धानाचं तणस हलकं असतं, वाऱ्याने उडतं. त्यावर पाणी शिंपडून दोन बांबूच्या कामट्या आडव्या दाबा. अळू, आलं, हळद यांच्या वाफ्यावर तणसाइतकं चांगलं दुसरं काही नाही.

कपाशीवाला

ताईंनी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचं, काही लिहिलं नाही. आमच्या गावात प्रत्येक घराच्या मागे पऱ्हाटीची गंजी आहे. चूल, कुंपण, वेलाचा मांडव, सगळं तिच्यावरच. ती बारीक करून वाफ्यावर टाकली तर चालेल का? कुटारापेक्षा जास्त दिवस टिकेल.

वर्धाकाठची

मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण त्यावर वेगळं बोलावं लागतं. पऱ्हाटीवर जी किडकी, न उमललेली बोंडं राहतात, त्यात गुलाबी बोंडअळी झोपून असते. सरकीचे दोन दाणे एकमेकांना चिकटवून त्याच्या आत ती महिनोन्‌महिने राहते. पाऊस आला की तिचे पतंग निघतात आणि नव्या कपाशीवर जातात. तोवर कपाशी नसेल तर भेंडीवरही भागवतात. म्हणजे आपणच सांदवाडीत तिला उन्हाळाभर सांभाळतो आणि जुलैत शेतात सोडतो.

माझं म्हणणं असं की पऱ्हाटी घरामागे ठेवायचीच असेल तर आधी तिच्यावरची बोंडं सगळी झोडून काढा. जाळायचंच काही असेल तर ती बोंडं जाळा, होळीत टाकायला त्याहून योग्य दुसरं काही नाही. उरलेल्या काड्या मृगाच्या आत चुलीत संपवा. ज्यांच्या गावात श्रेडर (काड्या बारीक करायचं यंत्र) आहे त्यांनी बारीक करून, शेण-पाणी टाकून खड्ड्यात कुजवावी आणि मग वापरावी. तशीच वाफ्यावर घातली तर लाकूड कुजायला मातीतलंच नत्र खातं आणि भाजी पिवळी पडते.

मांडवाला तुराट्या नाहीतर बांबू वापरा.

कपाशीवाला

बोंडं झोडून काढायचं काम बाया-पोरांनी मिळून एका दुपारचं आहे. आमच्या गल्लीत करून पाहतो. होळीसाठी शेणाच्या चाकोल्यांच्या माळा करायला पोरं जमतातच, त्यांनाच हाताशी घेतो.

गंज_ऊन_हाये

ताई, तुमचं सारं बरोबर हाये, पन आमच्याइकडे वांदरं काहीच ठेवत नाईत. शेंगा लागल्या का टोळी हजर. शेवग्याच्या शेंगा, भेंडी, वांगे, कोहळ्याची फुलं बी खाऊन जाते. फटाके फोडले, गोफन मारली, कुत्रं बांधलं, दोन दिवस जाते अन् पुन्हा येते. जंगलात त्याइले आता पानी नाई, खायाले नाई, हे बी समजते. पन आमी का लावावं मंग?

निवृत्त_मास्तर

भाऊ, हा प्रश्न आमच्याही गावाचा. वानरं कोवळं, गोडसर आणि उघड्यावरचं आधी खातात. मिरची, हळद, अळू, आलं, कारले यांना ती फारशी शिवत नाहीत. आमच्या घरी सांदवाडीचा बाहेरचा पट्टा याच पिकांचा आहे आणि भेंडी-वांगी घराच्या भिंतीला लागून, जिथे माणसांची सतत ये-जा असते. थोडं नुकसान तरीही होतं. कुंपणाला बाभळीच्या काट्या लावल्या तर गुरं-शेळ्या थांबतात, वानरं नाही. रब्बी निघाल्यावर गुरं मोकळी सुटतात, त्यासाठी तेवढं कुंपण मात्र लागतंच.

गंज_ऊन_हाये

हळदीले खरंच हात लावत नाईत, हे आमीबी पायलं. भितीजवळ भेंडीची एक ओळ लावून पायतो.

नवीन_सूनबाई

माझं माहेर नागपूर शहरातलं, सासर आरमोरीकडे. लग्नानंतरचा हा पहिलाच उन्हाळा आणि सासूबाईंनी सांदवाडीतला एक कोपरा मला दिलाय. त्यामुळे प्रश्न खूप आहेत, राग मानू नका.

भेद्र्याची (टोमॅटोची) झाडं छान वाढलीत, जानेवारी-फेब्रुवारीत भरपूर निघाली. आता फुलं येतात आणि देठापासून गळतात. सासूबाई म्हणतात आता उपटून टाक. मला जीवावर येतंय.

दुसरं, जुन्या वांग्याच्या झाडाला नवीन फूट यावी म्हणून कापायला गेले तर दोन पानं एकमेकांना शिवलेली दिसली! अगदी धाग्याने टाके घातल्यासारखी, आणि आत कापसाचं घरटं. त्यात तीन बारीक अंडी. आता झाड कापू की नको?

वर्धाकाठची

सूनबाई, झाड अजिबात कापू नका! ते शिंप्याचं घरटं. चिमणीहून लहान, हिरवट पाठीचा, डोक्यावर तांबूस छटा असलेला पक्षी, शेपटी सतत वर. पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडून कोळ्याच्या जाळ्याचे नाहीतर कापसाचे धागे ओवतो. अंडी उबायला बारा-तेरा दिवस आणि पिल्लं उडायला त्यापुढे साधारण दोन आठवडे. तोवर घरट्याच्या झाडाला पाणी फक्त बुडाशी घाला आणि जवळ जाऊन सारखं बघू नका, तुमच्या मागे मांजर आणि कावळा बघत असतात. बाकीची वांगी खुशाल छाटा. शिंपी दिवसभर अळ्या वेचतो, त्याचं एक घरटं म्हणजे त्या कोपऱ्याची राखणच.

भेद्र्याचं सासूबाई बरोबर सांगतायत, पण थोडी सवलत मागून बघा. दिवसा पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रही गरम राहिली की भेद्र्याचे परागकण निकामी होतात, म्हणून फूल गळतं. खताने ते थांबत नाही. घराच्या पूर्वेला, जिथे दुपारनंतर सावली येते, तिथली दोन झाडं ठेवा, हिरव्या शेडनेटची नाहीतर जुन्या साडीची सावली करा, बुडाशी तणस घाला. त्यांच्यावर जी फळं आधीच धरलीत ती पिकतील. त्यातलं सगळ्यात चांगलं फळ बियाला ठेवा. गर पाण्यात दोन दिवस आंबू द्या, तळाशी बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवा. बाकीची झाडं काढली तरी चालतील, पण मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आत कुजली की माती भुसभुशीत राहते.

नवीन_सूनबाई

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पूर्वेच्या भिंतीची दोन ठेव, आणि शिंप्याच्या झाडाला मी फडकं बांधून ठेवते म्हणजे कुणी चुकून कापणार नाही.

गोडनिंबावर (कढीपत्त्यावर) पाखराच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलंय, हात लावला तर हललं आणि डोक्यातून लाल शिंगं बाहेर आली, वासही उग्र. हे काय?

सातपुडा_पायथा

फुलपाखराची अळी. लिंबू-संत्रा, गोडनिंब, बेल यांच्यावर येते. लहानपणी तसा रंग असतो म्हणजे पाखरं खात नाहीत, मोठी झाली की हिरवी होते. ती शिंगं घाबरवण्यासाठी असतात, चावत नाही. झाड कमरेपेक्षा मोठं असेल तर राहू द्या, चार पानं खाईल आणि काळं-पिवळं नाहीतर काळं-पांढरं फुलपाखरू होऊन जाईल. रोप लहान असेल तर उचलून बेलावर ठेवा.

वाळवीचं उत्तर वडिलांना सांगितलं. आज लिंबाला दुहेरी आळं केलं त्यांनी स्वतःच.

पूर्णाथडी

वरंब्याच्या बगलेला पालक टाकला आहे आणि वर सोयाबीनचं कुटार. बघू. पाणी मडक्याने देता येतं असं ऐकलं, खाऱ्या पाण्याला चालेल का?

वर्धाकाठची

मडकं बिनरंगाचं, साध्या भाजलेल्या मातीचं घ्या. गळ्यापर्यंत पुरून तोंडावर झाकण ठेवा, पाणी झिरपत मुळांशी जातं, काहीच वाया जात नाही. वेलांना फार छान. पण बोरचं खारं पाणी सतत भरत राहिलात तर मिठाने मडक्याची छिद्रं हळूहळू बुजू शकतात आणि झिरपणं कमी होतं. धुण्या-विसळण्याचं पाणी गाळून भरा, साबणाचं नको.

वैनगंगेकाठी

ताई, शेवटचं एक. यंदा वायगावची हळद पाहुण्यांकडून बियाला मिळाली, आत्ताच खणलेली आहे. लावायला अजून अवकाश आहे, तोवर घरात कोंब येतील की सुकेल?

वर्धाकाठची

आमच्या समुद्रपूरकडची ती, जपून ठेवा! मातृकंद वेगळे काढा, जाड, न कापलेले आणि न सडलेले. धुवू नका, माती हलकेच झटका. सावलीच्या खोलीत, जिथे हवा खेळते तिथे, जमिनीवर वाळलेला हळदीचा पाला अंथरून त्यावर ढीग करा आणि वरूनही हळदीच्याच पाल्याने झाकून टाका. प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, घाम येऊन सडते. पंधरा दिवसांनी एकदा ढीग हलवून मऊ पडलेले कंद काढून टाका. अक्षय्य तृतीयेनंतर डोळे फुगायला लागतील, तेव्हा पाण्याची सोय असेल तर लावा, नाहीतर मृगापर्यंत थांबा. वाफा आत्ताच शेणखत घालून तणसाने झाकून ठेवा, तोवर खालची माती मऊ होऊन जाईल.